थोरली, मधली, धाकटी : ‘हम लोग’मधील तीन बहिणींविषयी

दूरदर्शनवरील मालिकेविषयी साहित्याच्या अभ्यासकाने लिहावे काय, हा प्रश्न विद्यापीठांत अजूनही अधूनमधून विचारला जातो. आणि तो विचारणारी मंडळी बहुधा कीर्तन, तमाशा किंवा जात्यावरची ओवी यांवर व्याख्याने देणारी असतात. म्हणजे जे समुदायाने एकत्र बसून ऐकले वा पाहिले तेही साहित्यच, हे त्यांना मान्य असते. फक्त ते पुरेसे जुने असावयास हवे. ‘हम लोग’ला आता चाळीस वर्षे होऊन गेली आहेत. शिवाय तिचे लेखन ‘कुरु-कुरु स्वाहा’ आणि ‘कसप’ लिहिणाऱ्या मनोहर श्याम जोशी यांनी केले होते. तेव्हा या विषयासाठी कोणाची परवानगी मागावी असे मला वाटत नाही.

ही मालिका ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली आणि १७ डिसेंबर १९८५ रोजी संपली. दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचे होते. सतरा महिन्यांत तिचे दीडशेहून अधिक भाग प्रसारित झाले. दारूच्या आहारी गेलेला बाप बसेसर राम, सोसण्यातच आयुष्य घालविणारी आई भागवंती, आजी-आजोबा, लल्लू व नन्हे हे दोन मुलगे आणि बडकी, मझली व छुटकी या तीन मुली, असे हे कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंब. बडकी नोकरी करते, स्त्रियांच्या कामात पडते, आणि पुष्कळ द्विधेनंतर डॉक्टर अश्विनीशी विवाह करते. मझलीला चित्रपटात जावयाचे असते. मुंबईत तिची फसवणूक आणि शोषण होते. छुटकीला डॉक्टर व्हावयाचे असते. एकाच घरातील तीन बहिणींनी तीन निरनिराळी आयुष्ये निवडली, असे या कथानकाचे वर्णन सर्रास केले जाते. माझा आक्षेप ‘निवडली’ या क्रियापदाला आहे.

प्रथम नावांकडे पाहावे. बडकी, मझली, छुटकी ही नावे नव्हेतच. ते क्रमांक आहेत. थोरली, मधली आणि धाकटी. त्यांची खरी नावे मालिकेत आहेत, परंतु प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना ती आठवतात. बडकीचे नाव गुणवंती, मझलीचे रूपवंती आणि छुटकीचे प्रीती. आईचे तर भागवंती, म्हणजे भाग्यवती. हा विनोद करताना लेखकाच्या चेहऱ्यावर कोणता भाव असेल याची मला नेहमी उत्सुकता वाटत आली आहे. एकीच्या वाट्याला गुण, दुसरीच्या वाट्याला रूप, आणि तिसरीच्या वाट्याला घरादाराची माया, अशी वाटणी बारशाच्या दिवशीच होऊन गेलेली आहे. संस्कृत सुभाषितांवर पोसलेल्या आपल्या मनाला गुण आणि रूप यांच्या झगड्यात अखेर कोण जिंकणार हे सांगावे लागत नाही. ज्या मुलीचे नाव रूपवंती ठेवले आणि जिला हाक मारताना ‘मधली’ म्हटले, तिच्यापुढे निवडीची मोकळीक किती उरते?

मागील सत्रात तौलनिक साहित्याच्या वर्गात या मालिकेचे काही भाग दाखविले, तेव्हा चर्चा याच ठिकाणी अडली, आणि अडली ते चांगलेच झाले. आमच्या वर्गात सात-आठ भाषांचे विद्यार्थी असतात. बंगाली विद्यार्थिनीला ‘मझली’ ऐकून नवल वाटले नाही. तिच्याकडे बडदी, मेजदी, सेजदी, छोडदी अशी सगळी उतरंड तयारच असते. तमिळ विद्यार्थ्याला मात्र हे विचित्र वाटले. त्याच्या बोलीत थोरल्या बहिणीला अक्का आणि धाकटीला तंगै. या दोहोंना मिळून एक घरगुती शब्द नाही. त्यामुळे तीन बहिणींतील मधली ही एकीची तंगै असते आणि दुसरीची अक्का. म्हणजे तिचे स्थान ज्याच्या त्याच्या नात्याने बदलते, ती कायमची ‘मधली’ राहत नाही. मराठीत ‘बहीण’ हा शब्द वयाविषयी काही बोलत नाही; वय सांगावयाचे तर विशेषण जोडावे लागते. आणि विशेषण एकदा जोडले की ते निघत नाही, हे तीन मुलींच्या घरात वाढलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

हे केवळ शब्दांचे खेळ नव्हेत. घरात पैसा थोडा असताना मुलींचा क्रम म्हणजे संधींचा क्रम असतो. थोरलीच्या वेळी घराला अनुभव नसतो व धीरही नसतो. तिचे लग्न कसे जमवावे या काळजीत तिचे शिक्षण आणि तिची नोकरी या दोन्ही गोष्टी तात्पुरत्या ठरतात. धाकटीच्या वेळेपर्यंत थोरली मिळवती झालेली असते, घराच्या अपेक्षाही थोड्या बदललेल्या असतात; आणि मग धाकटी डॉक्टर होण्याचे स्वप्न मोठ्याने बोलू शकते. मधलीसाठी ना थोरलीची जबाबदारी असते ना धाकटीची सवलत. तिने स्वतःकडे लक्ष वेधून घ्यावयाचे ते आपल्याजवळ जे आहे त्याच्या बळावर, आणि मझलीजवळ तिचे नावच होते. ‘हम लोग’ पाहताना हे सर्व प्रत्ययाला येते. जोशींचा कान तयार होता, घरातल्या बोलण्यातली टोचणी आणि माया त्यांना अचूक ऐकू येत असे. म्हणूनच मालिकेचा जो निवाडा आहे तो मला अधिक खटकतो. कारण तिच्या लेखकाला याहून जास्त कळत होते.

या निवाड्याचे मूळ मेक्सिकोत आहे. तेथील मिगेल साबिदो यांनी सत्तरीच्या दशकात दूरचित्रवाणी-मालिकांतून लोकशिक्षण करण्याची एक पद्धत बसविली. तिच्यात पात्रांचे तीन खाने असतात. इष्ट वर्तन करणारी, अनिष्ट वर्तन करणारी आणि या दोहोंमध्ये हेलकावे घेत अखेर इष्टाकडे वळणारी. पहिल्यांना कथानकात फळ मिळते, दुसऱ्यांना शासन. माहिती आणि प्रसारण खात्याचे तत्कालीन सचिव एस. एस. गिल ही पद्धत मेक्सिकोत पाहून आले, आणि कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी ती येथे वापरावयाचे ठरले. पहिल्या तेरा भागांत प्रचार इतका झाला की प्रेक्षक कंटाळले. मग कुटुंबनियोजनाचा सूर खाली आणून घरातील नातेसंबंध आणि स्त्रियांचे स्थान यांना पुढे आणण्यात आले. विषय बदलला, परंतु खाने तसेच राहिले. बडकी आणि छुटकी एका खान्यात, मझली दुसऱ्यात. स्त्रीच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या मालिकेत घराबाहेर सर्वांत लांब जाणारी मुलगीच शिक्षेस पात्र ठरावी, यातील विसंगती खान्यांच्या कागदावर दिसत नाही. कागदावर ती फक्त ‘झगमगाटाच्या मागे लागलेली मुलगी’ असते.

आणि हे लिहिणारा कोण? दोनच वर्षे आधी, १९८२ साली, ज्याने आपल्या कादंबरीला ‘कसप’ हे नाव दिले तो. कुमाऊंनी बोलीत ‘कसप’ म्हणजे ‘कोण जाणे’. प्रेमात कोण चुकले, कोणी काय गमावले, या प्रश्नांवर ‘कोण जाणे’ हे उत्तर शीर्षकातच देऊन ठेवणाऱ्या लेखकाला मालिकेच्या प्रत्येक भागाच्या शेवटी मात्र उत्तर पुरविणारा सूत्रधार स्वीकारावा लागला. अशोककुमार येत, मिश्कील बोलत, एखादे कवन म्हणत, आणि आज काय पाहिले त्याचे मर्म आपल्या हाती ठेवून जात. त्यांच्याविषयी माझ्या मनात आकस नाही. आपल्या परंपरेत कीर्तनकारही आख्यानाच्या शेवटी असेच काही करतो. परंतु कीर्तनकाराला समोरच्या श्रोत्यांचा चेहरा दिसतो. मागच्या ओळीत कोण खाली मान घालून बसले आहे हेही दिसते. पडद्यावरच्या आजोबांना ते दिसण्याची सोय नव्हती.

बहिणींच्या जोडीचा असा उपयोग आपल्या साहित्याने यापूर्वीही केला आहे. एकच घर, एकच आईबाप, एकच अन्न. तरीही फळ निराळे, तर मग दोष ज्याच्या त्याच्या स्वभावाचा. हा युक्तिवाद प्रयोगशाळेतल्यासारखा वाटतो, म्हणून तो लोभस ठरतो. रवींद्रनाथांच्या ‘दुइ बोन’मध्ये (१९३३) स्त्रियांच्या दोन जाती मानून शर्मिला आणि ऊर्मिमाला यांची विभागणी आरंभीच केलेली आहे, एक मातेच्या जातीची, दुसरी प्रियेच्या. तेथेही निवड स्त्रीची नसून वर्गीकरण करणाऱ्याची आहे, आणि मला ही रवींद्रनाथांची थोर कलाकृती कधीच वाटलेली नाही.

याउलट उदाहरण मराठीत आहे, आणि योगायोग असा की ते ‘हम लोग’ चालू असतानाच, १९८५ साली, रंगभूमीवर आले. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तील प्रभा आणि रंजू या आत्या-भाची आहेत, बहिणी नव्हेत, तरी एका वाड्यात वाढलेल्या दोन पिढ्यांतील दोन मुली म्हणून त्यांची तुलना आपोआप होते. प्रभाला शिकावयाचे होते, वडिलांनी शिकू दिले नाही. रंजूला सिनेमाचे वेड आहे आणि ती घरातले सोने घेऊन शिकवणीच्या मास्तरबरोबर पळून जाते. खान्यांच्या हिशेबात रंजू ही थेट मझलीची सख्खी. परंतु एलकुंचवार प्रभाला गुणाचे बक्षीस देत नाहीत, त्यामुळे रंजूला रूपाची शिक्षा झाली असेही म्हणता येत नाही. दोघींची कोंडी एकाच भिंतींनी केलेली आहे. एकीने त्या भिंतींवर डोके आपटले, दुसरी खिंडारातून बाहेर पडली. त्या सोन्याचे काय झाले याची चर्चा करणारा वाडा, प्रभाच्या शाळेचे काय झाले याची चर्चा कधी करीत नव्हता, एवढे प्रेक्षकाच्या ध्यानात येते. कोणी सूत्रधार येऊन ते सांगत नाही. नाटक आणि मालिका यांची माध्यमे वेगळी, उद्दिष्टे वेगळी, हे मान्य. तथापि ‘सामान्य प्रेक्षकाला निवाडा लागतोच’ हे जे गृहीत धरले जाते, त्याला निदान एक अपवाद त्याच वर्षी उपलब्ध होता.

सामान्य प्रेक्षकाला खरोखर काय हवे होते, याची साधने थोडी आहेत पण आहेत. ‘हम लोग’ला सुमारे ४ लाख पत्रे आली असा अंदाज आहे. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी मालिका संपल्यानंतर ११००हून अधिक प्रेक्षकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास केला, आणि त्यासाठी दिल्ली व मद्रास यांबरोबर पुण्याची निवड केली होती. बडकीच्या लग्नाचा भाग असलेल्या दिवशी उत्तर भारतात ठिकठिकाणी दुकाने लवकर बंद झाली, हीही त्यांचीच नोंद. सर्वांत बोलका निष्कर्ष भागवंतीविषयी आहे. सोसणाऱ्या स्त्रीचे काय होते याचा इशारा म्हणून जिची योजना केली, तिलाच कितीतरी प्रेक्षकांनी आदर्श मानले, आणि त्यांत स्त्रियाही होत्या. अभ्यासकांनी याला अनपेक्षित परिणाम म्हटले आहे. मला वाटते, खान्यांची रेषा प्रेक्षक पुसतात याचा तो पुरावा आहे. आणि एका पात्राबाबत पुसली तर दुसऱ्याबाबत पुसली नसेल कशावरून? मात्र दुसऱ्या बाजूची रेषा पुसणे उघडपणे शक्य नव्हते. ‘मला भागवंतीसारखे व्हावेसे वाटते’ हे मुलाखत घेणाऱ्या अनोळखी माणसापुढे, सासूच्या देखत, कोणतीही स्त्री म्हणू शकत होती. ‘मझलीसारखे’ हे म्हणता येण्याजोगे उत्तर नव्हते. कोणाचे अनुकरण करावेसे वाटते, असे विचारले की अनुकरणीय तेच नाव पुढे येते. कोणाची वाट पाहत होता, असे विचारले असते तर कदाचित निराळे आले असते.

येथे घरातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. एका घराने सिद्ध काही होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, तरी सांगते.

माझी आई तीन बहिणींतली थोरली. मधली मावशी १९८५ साली बावीस वर्षांची होती, पुण्यात एका कचेरीत नोकरी करीत असे आणि हौशी नाटकांत काम करी. तालमीहून रात्री नऊला परतणे घराने आधीच स्वीकारले होते. आजोबा निवृत्त शिक्षक, तापट पण दुष्ट नव्हेत, ते स्वतः कोपऱ्यापर्यंत तिला आणावयास जात. वाड्यात दूरदर्शन संच एकच, मालकांच्या दिवाणखान्यात. तेथे सतरंजीवर सगळे बिऱ्हाडकरू जमत. मी पाच-सहा वर्षांची होते आणि मला त्यातले अशोककुमारांचा चष्मा सोडून काही आठवत नाही. पुढचे सर्व ऐकीव आहे. मालिकेतील मझलीचे पाय मुंबईकडे वळले त्या सुमारास वाड्यातील कोणीतरी मावशीला थट्टेने ‘मझली’ म्हटले. ती खरोखरच मधली होती, नाटकात काम करीत होती आणि दिसायला चांगली होती, नाव बसले. दोन महिन्यांत वाण्यापासून पोस्टमनपर्यंत तिला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारीना. त्याच हिवाळ्यात तिच्या संस्थेच्या नाटकाचा प्रयोग मुंबईस ठरला. चार दिवसांचा प्रश्न होता. यापूर्वी सोलापूरला आणि नगरला जाऊ दिले होते. आजोबा या वेळी नाही म्हणाले. कारण विचारता त्यांनी कारण दिले नाही, एवढेच म्हणाले की लोक काय म्हणतात ते तुला ऐकू येत नाही काय. तिची भूमिका दुसऱ्या मुलीला मिळाली. पुढच्या वर्षी मावशीचे लग्न झाले. ते वाईट झाले असे नव्हे. नाटक मात्र सुटले.

आजोबांना मालिकेने बिघडविले असे मी म्हणत नाही. नकार त्यांच्या मनात कोठेतरी असणारच. परंतु त्यापूर्वी तो नकार उच्चारावयाला त्यांना स्वतःचे कारण शोधावे लागले असते, आणि त्यावर घरात वाद झाला असता. आजी मावशीच्या बाजूची होती. ‘हम लोग’ने ते कारण तयार स्वरूपात घरपोच दिले, तेही एका प्रेमळ आजोबांच्या तोंडून. स्त्रियांचे स्थान उंचावण्यासाठी काढलेल्या मालिकेचा हा परिणाम कोणत्याही प्रश्नावलीत सापडणार नाही, कारण न झालेल्या प्रवासाची नोंद कोणी ठेवीत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी मावशीला विचारले, तुला तेव्हा मझलीचा राग येत असेल, नाही? ती हसली. म्हणाली, “छे गं. आम्ही सगळ्याजणी बडकीची स्तुती करायचो मोठ्यानं, आणि वाट बघायचो ती मझलीची. ज्या दिवशी ती दिसायची नाही त्या दिवशी भाग फुकट गेला असं वाटायचं. पण हे बोलायचं कुणापाशी?” मग थोड्या वेळाने म्हणाली, “तुझी आईसुद्धा.” आईला मी हे अजून विचारलेले नाही.

पुढील भागांत अशोककुमार निरोप घेताना ‘हम लोग’ हे शब्द निरनिराळ्या भारतीय भाषांत म्हणत. राष्ट्रीय एकात्मतेची ती एक गोड कल्पना होती. भाषांतराच्या अभ्यासकाला मात्र ती सोपी वाटत नाही. हिंदीतील ‘हम’ किंवा बंगालीतील ‘आमरा’ ऐकणाऱ्याला धरून आहे की वगळून, ते कळत नाही. मराठीला ते सांगावेच लागते. ऐकणारा आत असेल तर ‘आपण’, बाहेर असेल तर ‘आम्ही’. गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’, तमिळमध्ये ‘नाम’ आणि ‘नांगळ’, तेलुगूत ‘मनम’ आणि ‘मेमु’. वर्गात शीर्षकाचे भाषांतर करावयास सांगितले तेव्हा फळ्यावर दोन्ही प्रकारची उत्तरे जमली. अशोककुमार प्रेक्षकांना उद्देशून बोलतात तेव्हा अर्थातच ‘आपण’, यावर सर्वांचे एकमत झाले. मतभेद झाला तो घरातील माणसे मझलीविषयी बोलतात त्या प्रसंगांवर. एका विद्यार्थिनीचे म्हणणे असे की तेथे ‘आपण’ वापरताच येणार नाही, कारण जिच्याविषयी बोलणे चालले आहे तिला धरावयाचे की नाही हेच तर तेथे ठरत असते. मराठी प्रेक्षकाला हे शीर्षक मनातल्या मनात मराठी करून घ्यावेच लागते, आणि मझली मुंबईला गेली की दोहोंपैकी एक शब्द घ्यावा लागतो. आमच्या वाड्याने १९८५ साली ‘आम्ही’ घेतला.